जुन्या लॅपटॉपची डिस्क : आधी नक्कल, मग दुरुस्ती

पुणे-बंगळूर महामार्गावरच्या उंब्रजसारख्या गावात एखाद्या छपाईच्या दुकानात वीस-बावीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अजून टेबलावर दिसला, तर तो हौसेखातर जपला आहे असे समजू नये. त्याच्या पाठीला प्रिंटरसाठीचे रुंद पोर्ट असते आणि त्यात प्लास्टिकचे एक ‘लॉक’ खोचलेले असते. त्या काळात श्रीलिपीसारखी मराठी पॅकेजे या लॉकशिवाय चालत नसत. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. शिवाय पेजमेकर हे छपाईवाल्यांचे लाडके सॉफ्टवेअर. 2001 साली आलेली त्याची सातवी आवृत्ती शेवटची ठरली आणि तिलाही युनिकोड कळत नव्हते. पालच्या खंडोबाच्या यात्रेची पत्रके, चाफळच्या उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका ज्या यंत्रावर वर्षानुवर्षे जुळवल्या, ते बदलायचे तर सगळा मजकूर नव्याने टाइप करणे आले. त्यापेक्षा चालतोय तोवर चालवू, असा दुकानदाराचा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. फक्त त्यात हार्ड डिस्कचे वय धरलेले नसते.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातले उंब्रजचेच एक दुकान घ्या. लॅपटॉप 2002 च्या मॉडेलचा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला, विंडोज 98 वर चालणारा. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे यंत्र थेट चार्जरवर. वीज गेली की तेही त्याच क्षणी बंद. बॅटरी मेलेला लॅपटॉप म्हणजे यूपीएस नसलेला डेस्कटॉपच, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डिस्कला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. नीट शटडाउन केले तर वाचणारे हेड सावकाश बाजूला जाऊन थांबते. वीज तुटली तर ते झटक्याने न्यावे लागते. त्या काळातल्या ट्रॅव्हलस्टार डिस्कच्या तांत्रिक पत्रकात पहिल्या प्रकारासाठी किमान 3 लाख वेळांची हमी दिसते, तर दुसऱ्यासाठी फक्त 20 हजार वेळांची.

एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. लॅपटॉप सुरू करताच स्कॅनडिस्कचा निळा पडदा आला आणि तपासणी आपोआप सुरू झाली. चालवणाऱ्याने ती पूर्ण होऊ दिली. कोणीही तेच केले असते. तपासणी संपली तेव्हा यात्रेच्या पत्रकांचे फोल्डर जागेवर नव्हते. त्याऐवजी फाइल0000.सीएचके, फाइल0001.सीएचके अशा बिननावाच्या फाइलींची रांग लागली होती. काही दिवसांत डिस्कमधून ‘टक् टक्’ असा आवाज यायला लागला. मालक लॅपटॉप घेऊन मोठ्या गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले.

“काय नाही काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारतो, एक्सपी टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा.”

“आतलं काम राहील ना?”

“सी ड्राइव्हचं जाईल, बाकीचं राहील.”

त्या लॅपटॉपला सी ड्राइव्हशिवाय दुसरा ड्राइव्हच नव्हता, आणि हे दोघांपैकी कोणी पाहिले नाही. संध्याकाळी एक्सपीची हिरवी टेकडी झळकली. एकटे फॉरमॅट तसे फारसे पुसत नाही. ते बहुतांशी फाइलींची यादी रिकामी करते आणि मूळ मजकूर तबकडीवर राहतो. पण त्याच जागेवर नवी विंडोज टाकली की तिच्या हजारो फाइली जुन्या मजकुरावर लिहिल्या जातात, आणि तिथले कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. नंतर फोटोरेक या मोफत साधनाने काही चित्रे निघाली, पण त्यांची नावे आणि फोल्डर गेलेच. मराठी मजकुराची गत आणखी वाईट होती. तो ज्या जुन्या फॉन्टमध्ये बांधला होता ते फॉन्टही त्याच डिस्कवर होते. फॉन्टशिवाय उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक काला दिसायचा.

या प्रकरणात डिस्क वाईट झाली हे नुकसानाचे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे नुकसान दुरुस्तीने केले. म्हणून जुन्या लॅपटॉपवाल्याने सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करावी : यंत्र चालू करणे आणि आतला मजकूर वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे पूर्ण झाल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही. फॉरमॅट नाही, विंडोज नाही, स्कॅनडिस्क किंवा चेकडिस्क नाही, डिफ्रॅग तर मुळीच नाही. हे सगळे कार्यक्रम डिस्कवर लिहितात आणि तिला तासन् तास पळवतात. स्कॅनडिस्क फाइलींची यादी सुसंगत करते. तुमच्या फाइली वाचवण्याची जबाबदारी तिने कधीच घेतलेली नाही.

आता उलट बाजू. डिस्क गेली असे वाटते तेव्हा प्रत्येक वेळी ती गेलेलीच असते असेही नाही. नव्वदच्या दशकातल्या काही लॅपटॉपमध्ये डिस्कची मापे, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे, एका छोट्या बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवली जात. बॅटरी संपली की यंत्र ती मापे विसरते आणि ‘डिस्क सापडत नाही’ म्हणते. डिस्क ठणठणीत असते. अशा वेळी चुकीची मापे भरून कोणी फॉरमॅट मारले तर चांगल्या डिस्कचे वाटोळे होते. लेबलवर छापलेले आकडे पाहून तेच भरावेत. काही जुन्या यंत्रांत ही बॅटरी रिचार्ज होणाऱ्या जातीची असून बऱ्याच वर्षांनी फुटून गळते आणि मदरबोर्डच्या रेषा खाते. लॅपटॉप चालता असो वा बंद पडलेला, ती पहिल्यांदा काढून टाकावी.

दुसरा खोटा आरोपी म्हणजे वीजपुरवठा. डिस्क काढून यूएसबीच्या कन्व्हर्टरला लावली आणि ती टकटक करू लागली की लोक हेड गेले असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. यूएसबी 2 चे पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देते. जुन्या अडीच इंची डिस्कचे लेबल वाचा : 5 व्होल्टला 700 मिलिअँपिअर, काहींवर पूर्ण 1 अँपिअर. तबकड्या फिरायला सुरुवात करताना तिला सर्वांत जास्त वीज लागते. ती पुरली नाही की मोटर उचलते, दमते, पुन्हा उचलते, आणि आवाज हुबेहूब मरणाऱ्या डिस्कसारखा येतो. दोन यूएसबी टोकांची केबल किंवा वेगळा 5 व्होल्टचा पुरवठा असलेला कन्व्हर्टर वापरला की यातल्या काही डिस्क शांतपणे फिरू लागतात.

कन्व्हर्टर लावताना पिना नीट मोजाव्यात. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला 44 पिना असतात, 2 मिलिमीटर अंतराने. वीजही त्यांतूनच जाते. शेजारीच थोडी जागा सोडून जंपरसाठी चार पिना असतात. घाईत कनेक्टर त्या चारांवर सरकून बसला की वीज भलत्या पिनेला जाते आणि बोर्ड जळू शकतो. विसाव्या पिनेची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. ती जुळवून पाहिली तर ही चूक होत नाही.

मग नक्कल. यासाठी आजवरचे सर्वांत भरवशाचे मोफत साधन म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियास दियास यांनी 2004 पासून ते वाढवत आणले आहे. ते लिनक्सवर चालते, त्यामुळे पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी सिस्टिमरेस्क्यूसारखी लिनक्स दुसऱ्या, धडधाकट संगणकावर लावावी. हे साधन फाइली पाहतच नाही. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत डिस्क जशीच्या तशी उतरवते. खराब भाग आला की तिथे अडून न बसता पुढे उडी मारते आणि चांगले असेल ते आधी पदरात पाडून घेते. सोडलेल्या जागांची नोंद ‘मॅप’ नावाच्या फाइलीत होते. दुसऱ्या फेरीत त्याच जागा पुन्हा चाचपता येतात, आणि मध्ये वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. लोडशेडिंगच्या मुलखासाठीच केले असावे असे वाटण्याइतके हे सोयीचे आहे. विंडोजमधून कॉपी-पेस्ट केले तर नेमके उलटे घडते. एका खराब फाइलीवर यंत्र अडकते आणि डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा खरवडत बसते.

संपूर्ण नक्कल घेण्याचे आणखी एक कारण छपाईवाल्यांपुरते खास आहे. ‘माय डॉक्युमेंट्स’ उतरवले आणि काम झाले, असे त्यांच्या बाबतीत होत नाही. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, कीबोर्डची मांडणी पॅकेजच्या फोल्डरमध्ये, लॉकचे ड्रायव्हर तिसरीकडे. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे, त्याआधी 1988 साली इस्की हे भारतीय मानकही आले होते. पण छपाईच्या धंद्यातल्या प्रत्येक पॅकेजने स्वतःच्या फॉन्टला स्वतःचे सांकेतिक अंक दिले. त्यामुळे फॉन्ट हरवला की मजकूर असूनही नसल्यासारखा. पूर्ण डिस्कची नक्कल घेतली तर हे सगळे न मोजता हाती येते.

डीडीरेस्क्यूमध्ये एक सापळा आहे. कोणती डिस्क मूळ आणि कोणती नकलेची, हे आज्ञेत कोणते नाव आधी लिहिले यावर ठरते. नावे उलटी पडली तर रिकामी डिस्क जुन्या डिस्कवर ओतली जाते, आणि साधन तेही इमानेइतबारे करते. दोन्ही डिस्कचे आकार पडद्यावर पाहूनच एंटर दाबावे. 40 जीबीची जुनी डिस्क आज 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवरही मावते. फक्त तो पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा नको, कारण त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल राहत नाही.

‘पण स्मार्ट तर चांगले दाखवतेय,’ असे काही जण म्हणतात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ते हे स्मार्ट. त्यात पुन्हा वाटप केलेले सेक्टर किंवा प्रलंबित सेक्टर वाढताना दिसले तर ताबडतोब नक्कल घ्यावी. पण आकडे कोरे आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या तीन अभियंत्यांनी 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार सर्वांत महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. त्याच अभ्यासात असेही दिसले की तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या 39 पट असते.

नक्कल घेताना डिस्क दिसतच नसेल, पुरेशी वीज असूनही टकटक करत असेल किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर घरचे उपाय तिथेच संपतात. या टप्प्यावर गावोगावचे सल्ले सुरू होतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. डिस्क हवाबंद नसते. तिला फिल्टर लावलेले श्वासाचे छिद्र असते आणि त्यावर ‘हे झाकू नका’ अशी सूचना छापलेली असते. हेड तबकडीवर तरंगते ते याच हवेच्या पातळ थरावर. थंडगार डिस्क कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत बाहेर काढली की आतल्या तबकडीवर दव धरते आणि फिरणारे हेड त्यात आपटते. झाकण उघडून फुंकर मारणे हा दुसरा उपाय. जुन्या डिस्कमध्येही हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी कमी असते. फुंकरीबरोबर जाणारा थुंकीचा कण त्या अंतरापुढे डोंगराएवढा असतो.

अगदी जुन्या, नव्वदच्या दशकातल्या डिस्कचे काही खास आजार आहेत. हेड तबकडीला चिकटते. किंवा हेडचा दांडा जिथे टेकतो तो रबराचा ठोकळा वयाने चिकट होऊन हेडला सोडत नाही; क्वांटमच्या प्रोड्राइव्ह मालिकेत हा प्रकार जुन्या संगणकांच्या शौकिनांना चांगलाच माहीत आहे. ते लोक अशा डिस्क उघडून बोटाने हेड सोडवतात, आणि कधी कधी ती चालूही होते. ज्यात गमावण्यासारखे काही नाही अशा डिस्कवर हे करायला हरकत नाही. दुकानाचा बारा महिन्यांचा धंदा ज्यात आहे तीवर करू नये.

बंद डिस्क किती सोसू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आकाशातून पडलेले आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयान कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांसह नष्ट झाले. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची नोंद असलेली सीगेटची 400 एमबीची डिस्क अवशेषांत सहा महिन्यांनी सापडली, जळून काळी पडलेली. ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातला 99 टक्के मजकूर काढला. तबकड्या वाचल्या, कारण आघाताच्या वेळी त्या फिरत नव्हत्या. शिवाय नोंद डॉसने एकापुढे एक सलग लिहिली होती. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच हाती लागले नाही.

उंब्रजकरांना याचा उपयोग पावसाळ्यात. तारळी इथेच कृष्णेला मिळते. खाली सांगलीत ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. संगणकांची गणती कोण करणार? पुरात भिजलेला लॅपटॉप उन्हात वाळवून चालू करून पाहण्याची घाई होते. तीच नडते. पाणी सुकले की गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात आणि पहिल्याच फेरीत हेड त्यांवर घासते. भिजलेली डिस्क वाळवू नये, तांदळात ठेवू नये, वीज तर अजिबात देऊ नये. ओलीच असताना घट्ट बंद पिशवीत ठेवून डिस्क रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पाठवावी.

पुण्या-मुंबईत अशा प्रयोगशाळा आहेत. डिस्क देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : मजकूर निघाला नाही तर किती पैसे द्यायचे, डिस्क उघडण्यापूर्वी विचारणार का, आणि मूळ डिस्क परत मिळणार का. पतसंस्थेच्या सभासदांची नावे आणि खाती आत असतील तर पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. आपल्या डोळ्यांदेखत टेबलावरच डिस्क उघडून दाखवणारा माणूस कितीही आत्मविश्वासाने बोलला तरी तिथून उठावे. हे काम धूळ गाळलेल्या हवेच्या खोलीत करायचे असते.

नक्कल हाती आली की लॅपटॉपची दुरुस्ती ही सोपी, जवळजवळ मजेची गोष्ट उरते. जुनी आयडीई डिस्क शोधत फिरू नये. ती आता नव्याने बनत नाही, आणि जी मिळते ती तुमच्या डिस्कच्याच वयाची असते. त्याऐवजी 44 पिनांच्या अडॅप्टरवर एमसाटा कार्ड किंवा 1994 साली आलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवावे. कॉम्पॅक्टफ्लॅश मुळातच आयडीईची भाषा बोलते, त्यामुळे यंत्राला फरक कळत नाही. आवाज बंद, उष्णता कमी, आणि वीज झटक्यात गेली तरी आपटायला हेडच नाही. आकार मात्र विचारून घ्यावा. नवी जागा मूळ डिस्कपेक्षा एका सेक्टरनेही लहान नको, नाहीतर नक्कल बसत नाही. वरची मर्यादाही आहे : 2002 च्या सुमाराची बरीच यंत्रे 137 जीबीच्या पुढे पाहू शकत नाहीत, नव्वदच्या उत्तरार्धातली कित्येक 8.4 जीबीवर थांबतात आणि त्याआधीची काही 528 एमबीवर. उंब्रजच्या त्या दुकानात 64 जीबीचे कार्ड बसले, लॉक चालले, पेजमेकर उघडला. जुनी पत्रके मात्र परत आली नाहीत. विंडोज 98 ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट 11 जुलै 2006 पासून बंद आहेत, तेव्हा असे यंत्र इंटरनेटला जोडू नये.

शेवटी एक विनंती. डिस्कचा खालचा हिरवा बोर्ड जळला तर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लागतो, आणि तो मिळवणे वर्षागणिक अवघड होत चालले आहे. आयबीएमचा डिस्कचा धंदा 2003 मध्ये हिताचीकडे आणि 2012 मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला, फुजित्सूचा 2009 मध्ये तोशिबाकडे. जुन्या मॉडेलचे भाग आता कारखान्यात नाहीत, माळ्यावर आणि भंगारात आहेत. म्हणून उंब्रज-कराड-मसूर भागात ज्यांच्याकडे बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉप डिस्क असतील त्यांनी त्या किलोच्या भावाने घालू नयेत. जिचा मजकूर आधीच उतरवला आहे किंवा जी कोणालाच नको आहे, तिचा बोर्ड बारीक टॉर्क्स स्क्रू काढून वेगळा करावा. त्यावर मॉडेल, फर्मवेअर आणि निर्मितीची तारीख लिहावी आणि गरजूला द्यावा. तबकड्या मात्र आपल्याकडेच ठेवाव्यात.